हवालदारांचा हळदी टाय

चौगुले हवालदार बसलेले मला आठवतच नाहीत. बहरीनमध्ये सनद नावाच्या भागात आमच्या बिल्डिंगसमोर व्हिलांचं एक कंपाउंड आहे. त्याच्या गेटवर कंपनीने त्यांना खुर्ची दिली होती. त्या खुर्चीवर त्यांचा पाण्याचा थर्मास बसायचा, आणि हवालदार शेजारी उभे. बहरीनच्या उन्हाळ्यात, जेव्हा डांबरावर चप्पल चिकटते, तेव्हासुद्धा उभे. मी एकदा चिडून विचारलं, "काका, खुर्ची काय थर्मासला दिलीय का?" तर म्हणाले, "पोरी, बसलेल्या मानसाला उठवायला कोनतरी येतंच. उभाच असला की तेवढा त्रास कमी."

सरळ सांगते, मला त्यांचा राग यायचा. मी पत्रकं लिहिणारी मुलगी. नोकरी इंजिनीअरिंग फर्ममध्ये ड्रॉइंगं काढायची, पण जीव पत्रकांत. भर दुपारच्या उन्हात काम करायचं नाही असा नियम आहे, पासपोर्ट मालकाने ठेवून घ्यायचा नाही असा नियम आहे, एका खोलीत माणसं कोंबायची नाहीत असाही आहे. हे सगळं हिंदीत आणि मराठीत छापून मी हमद टाउनला कामगारांच्या खोल्यांमध्ये वाटायचे. हवालदारांची खोलीही तिकडेच. पहिलं पत्रक त्यांना दिलं तेव्हा त्यांनी ते बोटांनी चोळून पाहिलं आणि म्हणाले, "कागद झ्याक हाय गं. जाड. आनि असतील तर दे."

मला वाटलं, माणूस जागा झाला. दिली अजून. पुढे कळलं, किल्टच्या चुण्या बसून राहाव्यात म्हणून ते प्रत्येक चुणीत माझं एकेक पत्रक घालून वर गादी ठेवत. कामगारांच्या हक्कांवर रात्रभर हवालदार झोपत, आणि सकाळी चुण्या कडक.

आता किल्ट कुठला, हे सांगायला हवं. चौगुले आजऱ्याकडचे. सैन्यात बँडमध्ये पायपर, म्हणजे बॅगपाइप वाजवणारे, होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि इकडे गेटवर आले. पलटणीत ते पँटच घालत, खांद्यावर चौकड्याचं कापड. गुडघे उघडे टाकणारा तो घेरदार किल्ट त्यांच्या वाट्याला आला तो इथे. कंपाउंडमध्ये डंकन म्हणून एक स्कॉटिश इंजिनीअर राहायचे. गेटवरच्या केबिनमध्ये हवालदार विश्रांतीच्या वेळी पाइपची नुसती नळी तोंडाला लावून बोटं फिरवत होते, ते डंकनसाहेबांनी ऐकलं. झालं. इथल्या स्कॉटिश लोकांच्या क्लबाला फुकटात पायपर मिळाला. त्यांची वर्षाची मोठी मेजवानी एका हॉटेलात व्हायची. क्लबाचा लाल किल्ट, काळा कोट, क्लबाचाच पाइप. सगळं हॉटेलच्या स्टोअरमध्ये ठेवलेलं; मेजवानीआधी किल्ट तेवढा चुण्या बसवायला हवालदारांच्या खोलीवर यायचा. हवालदार जायचे, घालायचे, ताटं येताना पुढे वाजवत चालायचे आणि मग दाराशी उभे राहायचे. पुन्हा उभेच.

"लाज नाही वाटत?" मी विचारलं होतं. "ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्या जेवणापुढे वाजवत चालायचं?"

"अगं, माझ्यावर राज्य आमच्या सुभेदारानं केलं," ते म्हणाले. "त्याच्यापुढं बी वाजवलंच की."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आधी हवा भर, सूर मागनं येतोय." पाइपची पिशवी नीट फुगल्याशिवाय सूर धरायला गेलं की ती नुसती रेकते, म्हणून. पण हे वाक्य ते कुठेही वापरत. गाडी सुरू होत नसली तरी, कुणाचं लग्न जमत नसलं तरी. माझी पत्रकं वाचून एकदा म्हणाले, "तुझ्यात हवा लई हाय, बाय. सूर कवा यायचा?" मी दोन दिवस बोलले नाही.

आणि गोऱ्यांचंच कशाला बोला. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत काय झालं? हवालदारांनी हौसेने क्लबाकडून किल्ट आणि पाइप मागून आणला. पाइपवर आरती बसवली होती बिचाऱ्यांनी, चांगली महिनाभर तयारी करून. हॉलच्या दारात मुलांचा घोळका जमला. एक पोरगी म्हणाली, "अंकल, व्हाय आर यू वेअरिंग अ स्कर्ट?" हवालदार गंभीरपणे म्हणाले, "ड्रेस कोड, बेटा." मुलं खूश. तेवढ्यात मंडळाचे एक गृहस्थ आले. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मुंबईचे, रेशमी कुर्ता.

"हवालदार, वा वा! वाजवा हो, जरूर वाजवा. पण बाहेरून वाजवा. आत फार घुमतं."

हवालदार बाहेर पार्किंगमध्ये उभे राहिले. आत टाळ्या आणि आरती, बाहेर पाइप. दोन्हींची लय जुळेना, तर आतून कुणीतरी काचेचं दार लावून घेतलं. नंतर एक काकू कागदी प्लेटमध्ये प्रसाद घेऊन बाहेर आल्या. "तुमचं तिथंच आणलं हो," म्हणाल्या, आणि त्यांना ते कौतुकच वाटत होतं. माणसाला दाराबाहेर उभं करण्यात आमचे लोक कुणाच्या मागे नाहीत, हे मी लिहून ठेवते. मी त्या काकूंशी भांडले. हवालदार मोदक खात म्हणाले, "हवा चांगली होती भाईर."

पुढे डंकनसाहेबांचं निवृत्त होऊन परत जायचं ठरलं. एक दिवस ते गाडी गेटवर थांबवून खाली उतरले. त्यांच्या हातात कपड्यांची पिशवी. त्यात त्यांचा स्वतःचा जुना किल्ट होता, आता पोटावर बसत नसलेला. काळपट हिरवा, निळे पट्टे, आणि त्यातून जाणारी एक बारीक पिवळी रेघ. या वर्षीची मेजवानी दुपारची आहे, ते म्हणाले, आणि ती त्यांची शेवटची आहे. तिला चौगुल्यांनी पाहुणा म्हणून यायचं. वाजवायचं नाही, वाजवायला रेकॉर्ड लावू. टेबलाशी बसायचं, त्यांच्या शेजारी. काळा कोट नको, साधा शर्ट-टाय घाला.

"शर्ट अँड टाय, युवर चॉइस," असं म्हणून साहेब गेले.

संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर हवालदार रस्ता ओलांडून आमच्या बिल्डिंगखाली उभे. चेहरा असा, की मला वाटलं गावाकडून काही बातमी आली.

"युवर चॉइस म्हनला गं," ते म्हणाले. "आता काय चॉइस करू?"

मी हसले. मग त्यांच्याकडे पाहून हसायचं थांबले. या माणसाने विसाव्या वर्षापासून वर्दी सोडून काही घातलं नव्हतं. पलटणीची वर्दी, गेटची वर्दी, बँडची वर्दी. खोलीवर लुंगी आणि बनियन. कपडा निवडायचा असतो, ही गोष्टच त्यांच्यावर पहिल्यांदा आली होती. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते एकदा बसणार होते. टेबलाशी, पाहुणा म्हणून, आणि कुणीतरी त्यांना वाढणार होतं.

"काका, जाऊ नका म्हणायला हवं मी," मी म्हटलं, "पण जा. चांगले ऐटीत जा. शुक्रवारी बाब अल बहरीनला जाऊ."

त्या शुक्रवारी आम्ही तिथल्या सुकातल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, गल्ल्यांतून इतकी दुकानं फिरलो की माझे पाय गेले. एका दुकानात हिंदी बोलणारा सेल्समन होता, तोंडाने गोड आणि हाताने चपळ. त्याने काउंटरवर किल्ट पसरला, मान हलवली आणि एकदम पांढरा शर्ट काढला.

"सफेद के साथ सब चलता है, चाचा."

"सफेद नको," हवालदार मला म्हणाले. "सफेद बँडचा. वेटर बी सफेदच घालत्यात."

"तो ब्लू लो. स्काय ब्लू."

"गेटचा रंग त्यो."

"ये देखो, मिलिटरी टाइप, एकदम नया."

हवालदारांनी त्या हिरवट शर्टाला हात लावला आणि मागे घेतला. "ह्यो तर चामडीलाच लागलाय माझ्या. नको." काळा कंपनीच्या ड्रायव्हरांचा. करडा सफाईवाल्यांचा. एकेक शर्ट काउंटरवर येत होता आणि प्रत्येकात कुणीतरी नोकर उभा होता. सेल्समन शेवटी वैतागला. "चाचा, रंग खलास हो गये. अब क्या बिना शर्ट के जाओगे?"

मग सगळ्यात खालच्या खणातून एक शर्ट निघाला. फिका, दुधावरच्या साईसारखा. हवालदारांनी तो किल्टवर ठेवला, दोन पावलं मागे झाले, डोळे बारीक केले. आतापर्यंत आक्रसलेले खांदे सरळ झाले.

"हा कोन घालतं?" त्यांनी हळूच मला विचारलं.

"कोणी नाही, काका. हा फक्त शर्ट आहे."

"मग ह्योच."

टायचं तर आणखीच. सेल्समनने चकचकीत लाल टाय काढला. गाठ तयार, मागे इलॅस्टिक. हवालदारांनी ते इलॅस्टिक बोटाने ताणून सोडलं. "ह्यो न्हाई. गेटवरचा असाच असतो. कुनी धरून वडला तर निसटावा म्हनून. मला गाठीचा पायजे." दाराशी उभं राहून पाहुण्यांकडे इतकी वर्षं बघितल्यावर त्यांच्या एवढं लक्षात आलं होतं, की तिथली बरी माणसं किल्टमधलाच एखादा रंग उचलून साधा टाय लावतात. नक्की कुठला, ते सांगता येत नव्हतं. माणसं जेवायला बसली की त्यांना दिसायच्या त्या पाठीच. मग त्यांनी ती बारीक रेघ शोधली, तिच्यावर बोट ठेवलं आणि त्या बोटाबरोबर दुकानातले सगळे टाय लावून पाहिले. शेवटी लोकरीचा एक निघाला. हळदीच्या रंगाचा, चमक नसलेला.

गाठ आम्हा दोघांनाही येत नव्हती. केबिनच्या काचेत बघत, माझ्या फोनवरचा व्हिडिओ थांबवत थांबवत, त्यांनी ती शिकून घेतली. पहिल्या दिवशी टाय बेंबीच्या खाली. दुसऱ्या दिवशी छातीवर आखूड. तिसऱ्या दिवशी नेमका. मग त्यांनी गेटमधून येणाऱ्या एका गाडीला सलाम करायला हात उचलला आणि अर्ध्यात थांबवला. "टाय घातल्यावर सलाम करत्यात का गं?" त्यांनी विचारलं.

मेजवानीच्या दिवशी मीच त्यांना गाडीतून नेलं. साईचा शर्ट, हळदी टाय, हिरवा किल्ट, पायांत पांढरे लांब मोजे. गुडघ्यांना खोबरेल लावलेलं. सीटवर चुण्या मोडतील म्हणून सगळा रस्ता अर्धवट अधांतरी बसले होते. मी म्हटलं, "काका, एकदम पाहुणे दिसताय." तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दिसतोय न्हवं? मग झालं."

हॉटेलसमोर गाड्यांची रांग होती. "मला इथंच सोड," ते म्हणाले, "तू गाडी लाव जा." मी पार्किंग शोधायला खाली गेले. वर येऊन पुढच्या दाराने हॉलमध्ये शिरले तर गोल टेबलं, माणसं उभ्याने बोलतायत, हवालदार नाहीत. डंकनसाहेबांच्या टेबलापाशी गेले. त्यांच्या शेजारच्या खुर्चीपुढे एक कार्ड उभं होतं. मिस्टर यशवंत चौगुले. मिस्टर! मी फोन काढून त्याचा फोटो घेत होते, तेवढ्यात मागचं, किचनकडचं दार उघडलं आणि पाइप वाजला.

मी त्यांना आवाजावरूनच ओळखलं. आधी पिशवीत नीट भरलेली हवा, मग सूर.

हवालदार ताटांच्या पुढे चालत येत होते. हळदी टाय गळ्यात नव्हता. तिथे काळा बो होता, इलॅस्टिकचा. साईच्या शर्टावर क्लबाचा काळा कोट चढवला होता. झालं होतं ते एवढंच, मला नंतर कळलं: ते सवयीने मागच्या दाराने आत गेले होते. बँक्वेट कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या मुकादमाला, कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याला एवढंच माहीत, की हा माणूस दरवर्षी या दाराने येतो आणि वाजवतो. "लेट क्यों किया? यल्ला, यल्ला, चलो," असं म्हणून त्याने पाइप हातात दिला, कोट चढवला, आणि "ये पीला क्या पहना है" म्हणत स्वतःच्या हाताने गाठ सोडून टाय त्यांच्या खिशात कोंबला.

टाळ्या झाल्या. डंकनसाहेब आधी गोंधळले, मग मोठ्याने हसले. त्यांना वाटलं, चौगुल्यांनी निरोपाची भेट म्हणून हे केलं. त्यांचे डोळे भरून आले होते, हेही मी लिहिते. वाजवणं संपल्यावर त्यांनी खुर्ची मागे ओढली. "नाऊ सिट, मॅन. सिट डाउन!"

सगळं टेबल बघत होतं. मी बघत होते. खुर्ची तिथे होती, कार्ड तिथे होतं.

हवालदारांनी टाचा जुळवल्या. "ऑन ड्यूटी, सर," ते म्हणाले.

पुन्हा हशा, पुन्हा टाळ्या. साहेबांनी एकदोनदा आग्रह केला, मग कुणीतरी भाषणाला उठलं. हवालदार दाराशी जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने वेटरने त्या खुर्चीपुढची ताटली, काटा-चमचा उचलला, आणि कार्डही.

परत येताना मी गाडीत जवळजवळ ओरडलेच. "तुम्ही सांगितलं का नाही? मी पाहुणा आहे, एवढंच बोलायचं होतं ना!"

"पाइप हातात दिला गं त्यानं. हातात दिल्यावर मानूस काय करतोय?"

"आणि नंतर? साहेब बसा म्हणाले तेव्हा?"

"तवा कोट अंगावर होता."

"पण मागच्या दाराने गेलातच का तुम्ही?"

किल्टच्या चुण्या मोडत होत्या, पण आता ते नीट सीटला टेकून बसले होते. हॉटेल मागे पडलं तेव्हा म्हणाले, "पुढचं दार कुटं हाय, ते मला ठावंच न्हवतं."

डंकनसाहेब गेले. त्यांच्या मागोमाग कंपाउंडच्या गेटला कार्ड दाखवलं की उघडणारा दांडा बसला. कंपनीने हवालदारांचा व्हिसा पुढे वाढवला नाही. वय झालं म्हणाले. मी पत्रक लिहिलं. अर्ज लिहिला. कंपनीच्या रिसेप्शनवर जाऊन बसले, तर तिथल्या बाईने मला चहा दिला आणि चहा संपल्यावर दार दाखवलं. क्लबातल्या लोकांना मेल पाठवली. त्यांनी फार प्रेमाने लिहिलं, की चौगुले आम्हाला नेहमी आठवतील. मंडळाच्या त्या गृहस्थांनी इंशाल्ला म्हणून फोन ठेवला. एवढ्या सगळ्यांत एकही माणूस वाईट नव्हता. आणि पत्रक लिहायला वाईट माणूस लागतो, तो मला शेवटपर्यंत सापडला नाही.

विमानतळावर मीच सोडलं त्यांना. खोलीतून बाहेर आले ते गेटच्याच वर्दीत. आकाशी शर्ट, निळी पँट, खिशावरची कंपनीची पट्टी उसवून काढलेली, गळ्यात इलॅस्टिकचा टाय.

"काका, निदान आज तरी! तो साईचा शर्ट कुठाय?"

"पेटीत हाय. किल्ट बी हाय. घरात गोधडीत घालतील, ऊबदार हाय कापड."

"अहो, पण हे का घातलंत?"

"ह्ये घातलं की कोन इचारत न्हाई, तू कोन म्हनून."

हळदी टाय मला दिसला तो त्यांनी पेटी ट्रॉलीवर चढवली तेव्हा. पेटीच्या मुठीला बांधला होता, उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यावर आपली बॅग ओळखू यावी म्हणून. गाठ नेमकी होती, काचेत बघून शिकलेली.

आत जायच्या दारापाशी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हवा कमी करू नगंस," म्हणाले. बस, एवढंच. मी काचेबाहेर थांबले. ते रांगेत उभे राहिले. पुढे बरीच माणसं होती. तेवढ्यात एक गोरं कुटुंब धावतपळत आलं, दोन पोरं, भरपूर सामान. त्या बाईने रांगेतल्या सगळ्यांमधून नेमकं हवालदारांनाच गाठलं आणि काहीतरी विचारलं.

हवालदार रांगेतून बाहेर आले. आपली ट्रॉली त्यांनी बाजूला भिंतीशी लावली, टाचा जुळवल्या आणि हात सरळ लांब करून त्यांना काउंटर दाखवला. ते कुटुंब गेलं. मग एक म्हातारा आला, त्यालाही दाखवला. मग आणखी कुणी. रांग पुढे सरकत होती, आणि हवालदार तिच्या कडेला ताठ उभे राहून लोकांना वाट दाखवत होते.